पांढरी, काळी आणि जुने नकाशे

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायचं तर संध्याकाळ झाली की मी जुने नकाशे उघडून बसते, आणि भानावर येते तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. पुण्याला ही बातमी पोचली ती जरा वळण घेऊन. मावशीने फोनवर विचारलं, "काय गं, तिकडे शेतात सोनं शोधतेस म्हणे?" सोनं नाही शोधत. पण शेत शोधते हे खरं. आणि या शेत शोधण्याविषयी गेले काही महिने डोक्यात जे चाललंय, ते एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हणून आज बसले आहे. थोडं लांबेल. चहा घेऊन या. :-)

इंग्लंडच्या पूर्वेला, सफोकमधल्या सपाट शेतांच्या मुलखात आम्ही राहतो. आमचे शेजारी निवृत्त लॉरी ड्रायव्हर. ऑगस्टमध्ये गव्हाची कापणी झाली की शेतात नुसती धसकटं उरतात, आणि पुढची नांगरट-पेरणी होईपर्यंत जे काही आठवडे मिळतात त्यात हे गृहस्थ मेटल डिटेक्टर घेऊन तासन् तास फिरतात. कानाला हेडफोन, कमरेला छोटं फावडं. त्यांच्या बारा वर्षांच्या कमाईचे बिस्किटांचे डबे मी पाहिले आहेत. त्यात काय असतं? बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी टोप्या, कोटाची बटणं, घोड्याच्या खोगिराच्या कड्या, शिशाच्या गोळ्या, बाटल्यांची झाकणं, झिजून गुळगुळीत झालेली तांब्याची नाणी. सोन्याचं अजून काही नाही. त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. त्यांना संगणक आवडत नाही आणि मला चिखल आवडत नाही, त्यामुळे आमची वाटणी आपोआप झाली. नकाशाचं माझ्याकडे, पायपीट त्यांच्याकडे.

नकाशा लागतो कशाला? तर हे यंत्र लोक समजतात तितकं जादूचं नाही. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल असेल तर सांगेल, त्याखाली बहुधा मुकं. आणि तेही यंत्राची थाळी बरोबर त्या जागेवरून गेली तर. पन्नास एकरांचं शेत असं विंचरायला महिने लागतील. म्हणजे यंत्रापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की उभं कुठे राहायचं. आपल्याकडे गुप्तधन शोधायला पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घालायचे म्हणतात. इथे ते काम नकाशा करतो, आणि तो कोणाच्या डोळ्यांना इजा करत नाही.

या देशाची एक गोष्ट मला अजूनही थक्क करते, ती म्हणजे इथल्या लोकांनी जमिनीचं करून ठेवलेलं लिखाण. ऑर्डनन्स सर्व्हे ही इथली नकाशासंस्था १७९१ साली निघाली ती लष्करासाठी, फ्रेंचांच्या भीतीने. १८०१ मध्ये केंट परगण्याचा पहिला नकाशा छापला. पण मजा येते ती पुढच्या नकाशांत. १८४० च्या दशकात मैलाला सहा इंच, आणि नंतर मैलाला पंचवीस इंच एवढ्या मोठ्या प्रमाणाचे नकाशे झाले. पंचवीस इंची म्हणजे काय, तर घरामागचा पंप, विहीर, कुंपणातली फाटकं, पायवाटा, लोहारशाळा, वीटभट्टीचे खड्डे, आणि जुन्या आवृत्तीत तर कुंपणातली आणि मोकळ्या रानातली सुटी झाडंसुद्धा! एकेक झाड. कोणीतरी साखळी घेऊन चिखलातून फिरून ते झाड जागेवर मांडलं. आज ते झाड नाही, कुंपणही नाही (दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं फिरावीत म्हणून मैलच्या मैल कुंपणं उपटली गेली), पण नकाशात ते उभं आहे. आणि सुगीच्या दिवसांत भर दुपारी माणसं भाकरतुकडा खायला बसणार कुठे? झाडाखालीच ना? तिथे बटणं पडतात, खिशातून सुट्टे पैसे पडतात. शेजाऱ्यांना मी अशा एका नाहीशा झालेल्या झाडाची जागा काढून दिली, तर तिथे चार पावलांत तिसऱ्या जॉर्जचं अर्ध्या पेनीचं नाणं, शिवणाची अंगुस्तानी आणि सात बटणं मिळाली. बाजारभावाने एका सँडविचची किंमत. पण मला रात्री झोप लागली नाही.

त्याहून जुने म्हणजे चर्चच्या दशमांशाचे नकाशे. पूर्वी प्रत्येकाने पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा असे. १८३६ च्या कायद्याने त्याचं रूपांतर रोख रकमेत करायचं ठरलं, आणि मग कोणाचं शेत किती हे ठरवायला गावोगाव नकाशे झाले. इंग्लंड आणि वेल्सचा साधारण तीन चतुर्थांश भाग त्यांत येतो. नकाशात नुसते आकडे असतात, आणि सोबतच्या वहीत त्या आकड्यापुढे मालक कोण, कसणारा कोण, पीक काय, क्षेत्र किती, आणि बहुतेक वेळा शेताचं नाव. मोजणी सगळीकडे सारखी चोख नाही, काही नकाशे पाहून हसू येतं. पण ही नावं! 'चॅपल फील्ड' असेल तर तिथे कधीतरी प्रार्थनामंदिर असण्याची शक्यता. 'फेअर फील्ड' म्हणजे जत्रेचं मैदान. जत्रेत पैसा हातोहात फिरणार आणि थोडा मातीतही जाणार. 'गॅलोज हिल' म्हणजे फाशीची टेकडी. गावाच्या नावात 'चेस्टर' किंवा 'कॅस्टर' आलं की रोमन लोकांचा तळ आठवावा, 'स्ट्रॅट' किंवा 'स्ट्रेट' आलं की त्यांचा रस्ता. अर्थात नावं फसवतातही. दूरच्या, नको तिथल्या शेताला लोक 'बॉटनी बे' म्हणायचे, ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या वसाहतीवरून. आपण काळं पाणी म्हणू, तसं. त्या नावावरून कोणी तिथे कैदी शोधायला गेलं तर काय सांगणार!

आता हे सगळं ग्रंथालयात जाऊन हातमोजे घालून बघायला लागत नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे स्कॅन करून, आजच्या उपग्रहचित्रावर बरोबर बसवून, कोणालाही फुकट पाहायला ठेवले आहेत. एक पट्टी सरकवली की १८८० च्या आसपासचं गाव विरघळतं आणि आजचं वर येतं. परत सरकवली की परत जुनं. माझे साडेअकरा वाजतात ते या पट्टीमुळे.

एक नाव मात्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. 'ब्लॅकलँड्स'. काळी जमीन. इथले जाणते सांगतात की या नावाचं शेत दिसलं तर नीट बघावं, कारण जिथे माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली तिथली माती चुलीची राख, कोळसा, शेण, कचरा यांनी आजूबाजूपेक्षा काळी पडते. आता आपल्याकडचं आठवा. आपण गावठाणाला काय म्हणतो? पांढरी! काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. आपली मूळ माती कापसाची काळीभोर, म्हणून तिच्यावर राख आणि पडलेल्या मातीच्या भिंती साचून वस्तीची जागा फिकी दिसते. इथली मूळ माती फिकी, म्हणून तीच राख तिला काळी करते. माणूस दोन्हीकडे तेच करत होता: चूल पेटवत होता आणि राख बाहेर टाकत होता. दख्खनमध्ये पुरातत्त्ववाले गावात गेले की जुनी पांढरी कुठे आहे असं विचारतात ते याचसाठी. घोड नदीकाठचं इनामगाव, जिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं उघडी केली, ती असलीच जुन्या वस्तीची टेकाडं. आणि आपल्याकडे अशी कितीतरी टेकाडं पांढरी माती खताला चांगली म्हणून गाड्या भरभरून उचलली गेली. त्यात काय गेलं त्याचा हिशेब नाही.

इथवर सगळं गोड गोड झालं. आता जे मला सांगायचं आहे त्याकडे येते.

नकाशा वाचून शेत शोधता येतं, तसं ते चोरालाही शोधता येतं. रात्री परवानगीशिवाय शेतात घुसून उकरणाऱ्यांना इथे 'नाइटहॉक' म्हणतात. त्यांच्याकडे तेच फुकटचे नकाशे आहेत, तीच सरकती पट्टी आहे. म्हणून काही जण म्हणतात की हे नकाशे, विशेषतः जुन्या अवशेषांच्या जागा दाखवणारे, एवढे उघडे ठेवू नयेत. मला हे पटत नाही. नकाशा झाकून चोर थांबत नाही. त्याला एक चांगली जागा पुरते. झाकल्याने थांबतो तो शाळामास्तर, गावाचा इतिहास लिहिणारी आजीबाई, आणि माझ्यासारखी दुसऱ्या देशातून आलेली रिकामटेकडी. माझं म्हणणं उलट आहे. नकाशा उघडाच असावा, पण नकाशा वापरून ज्याने जागा शोधली त्याच्यावर यंत्र घेऊन सहज फिरणाऱ्यापेक्षा जास्त बंधन आहे असं मी मानते. त्याला 'अहो, मला काय माहीत' म्हणायची सोय नाही. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी ते झाड, ती विहीर जागेवर मांडून ठेवली म्हणून तुला ती वस्तू मिळाली. मग तुझी वस्तू कुठे मिळाली हे मांडून ठेवणं तुझ्याकडे लागतं. कायदा तेवढं मागो किंवा न मागो.

कायदा काय मागतो ते थोडक्यात. जमीनमालकाची परवानगी हवीच. संरक्षित स्मारकाच्या जागी १९७९ च्या कायद्याप्रमाणे खास संमतीशिवाय डिटेक्टर चालवणं गुन्हा. आणि १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट सांगतो की ३०० वर्षांहून जुनी, दहा टक्के तरी सोनं-चांदी असलेली वस्तू (नाणी असतील तर एकापेक्षा जास्त) सापडली तर चौदा दिवसांत कॉरोनरला कळवा. संग्रहालयाने ती घेतली तर किंमत ठरते आणि बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२३ पासून यात धातूच्या इतर महत्त्वाच्या वस्तूही आल्या, कारण २०१० मध्ये कंब्रियात रोमन घोडेस्वाराचा अप्रतिम मुखवटा-शिरस्त्राण सापडलं होतं, पण एकटी वस्तू आणि तीही तांब्याच्या मिश्रधातूची, म्हणून कायद्यात बसली नाही. लिलावात साधारण तेवीस लाख पौंडांना विकली गेली आणि खाजगी मालकीत गेली.

बाकीच्या वस्तूंची, म्हणजे शेजाऱ्यांच्या डब्यातल्या बहुतेक सगळ्यांची, नोंद ऐच्छिक आहे. त्यासाठी १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना चालते. परगण्यापरगण्यात तिचे अधिकारी असतात, ते वस्तू बघतात, फोटो काढतात, जागेचे आकडे टिपून घेतात आणि वस्तू परत देतात. आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. ऐच्छिक! माझा सगळा वाद या एका शब्दाशी आहे.

२०१५ साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन ठेवी सापडल्या. दोन्ही वायकिंग लोकांच्या, दोन्हीचा काळ साधारण एकच, इसवी सनाची ८७० च्या पुढची वर्षं. जूनमध्ये हेरफर्डशरमधल्या लेम्स्टरजवळ, आणि ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनजवळ.

वॉटलिंग्टनच्या माणसाला पहिल्यांदा चांदीची लगड दिसली, मग नाणी दिसली, आणि तो थांबला. खड्डा बुजवला, अधिकाऱ्याला फोन केला. मग ती सगळी ठेव मातीच्या ढेकळासकट उचलली गेली आणि ब्रिटिश म्युझियममध्ये एकेक वस्तू सुटी झाली: १८६ नाणी, १५ लगडी, ७ दागिने. त्यातल्या काही नाण्यांवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत. एका बाजूला वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ यांची नावं नाण्यांच्या जोडीने येतात. आल्फ्रेड म्हणजे इथला थोर राजा, शाळेच्या पुस्तकातला. चेओलवुल्फला मात्र आल्फ्रेडच्या दरबारच्या बखरीने वायकिंगांच्या हातातलं बाहुलं म्हणून मोडीत काढलं होतं. आणि नाणी म्हणतात की हे दोघे काही वर्षं बरोबरीचे भागीदार होते! बखर जिंकणाऱ्याने लिहिली; नाणी त्याआधी पाडून झाली होती. अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने ही ठेव २०१७ मध्ये साडेतेरा लाख पौंडांना घेतली. कोणीही जाऊन पाहावी.

लेम्स्टरच्या दोघांना मिळालं ते बहुधा याहून मोठं होतं. सुमारे तीनशे नाणी, सोन्याची अंगठी, सोन्याचं कडं, स्फटिकाचा गोळा बसवलेलं लटकन. त्यांनी मालकाला सांगितलं नाही, विकायला काढलं. पोलिसांनी फोनमधले पुसलेले फोटो परत मिळवले, म्हणून तर ढिगाऱ्याचा अंदाज तरी आला. हाती लागली ती ३१ नाणी आणि दागिने. २०१९ मध्ये वूस्टरच्या न्यायालयाने एकाला दहा आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा दिली. पुढे अपिलात ती कमी झाली. लोक त्या शिक्षेबद्दल बोलतात, चोरीच्या रकमेबद्दल बोलतात. मला टोचते ती उरलेली अडीचशेच्या वर नाणी. ती कुठेतरी कोणाच्या कपाटात असतीलही, उद्या मिळतीलही. पण ढेकूळ परत मिळणार नाही. कोणतं नाणं कशाखाली होतं, पिशवीत होतं की कापडात, बाजूला आणखी काय होतं, हे सांगणारी माती पुन्हा तशी रचता येत नाही.

याचा फरक किती पडतो, हे सॉमरसेटमधल्या फ्रोमच्या ठेवीने दाखवलं. २०१० मध्ये तिथे एका मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली. ज्याला सापडली तो मडक्याचा काठ दिसताच थांबला, म्हणून पुरातत्त्ववाल्यांनी ती थराथराने काढली. तेव्हा असं दिसलं की सर्वांत उशिराची नाणी वरच्या थरात नव्हती, बरीच खाली होती. म्हणजे ही कोणी वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी नसावी, एकाच वेळी ओतलेली असावी, कदाचित देवाला वाहिलेली. घाईने उपसून बादलीत टाकलं असतं तर नाणी तेवढीच राहिली असती, आणि हा प्रश्नसुद्धा कोणाला पडला नसता.

आपल्याकडे याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे दायमाबाद. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, छबू लक्ष्मण भिल्ल यांना झुडपाचं मूळ खणताना चार ब्राँझची शिल्पं मिळाली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळी मिळून साठेक किलो वजनाची. ती वितळली नाहीत, भंगारात गेली नाहीत, अभ्यासकांपर्यंत पोचली, याचं श्रेय मोठंच आहे. पण ती रीतसर उत्खननात थरातून निघाली नाहीत, म्हणून ती उत्तर हडप्पा काळातली की कितीतरी नंतरची, हा वाद विद्वानांत चालूच राहिला. नंतर त्या जागी उत्खनन झालं, तरी त्या चार वस्तूंवरची शंका पुरती गेली नाही. इतक्या सुंदर वस्तू, आणि वय विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

मग कोणी विचारेल, की यंत्र बंदच का करत नाही? आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय जुन्या वस्तूंसाठी डिटेक्टर चालवता येत नाही. भारतातही १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या पुरातत्त्ववाल्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते साफ चूक नाही. एक मुद्दा तर मला फारच पटला: नकाशात बघून जाणारे लोक जिथे काहीतरी असणार अशाच जागी जातात, आणि मग नोंदी वाढतात त्याही तिथेच, म्हणून कोऱ्या जागा कोऱ्याच राहतात आणि आपल्याला वाटतं तिथे कोणी राहतच नव्हतं. खरं आहे. पण इथल्या शेतात नांगर दरवर्षी फिरतो. वरच्या वीतभर मातीतल्या वस्तू जागच्या हललेल्याच असतात, खतांनी गंजत असतात. त्या कोणी पुरातत्त्ववाला काढायला येणार नाही. त्याला तेवढा वेळ नाही आणि पैसा तर नाहीच. आमच्या शेजाऱ्यांनी उचललेली अंगुस्तानी आणखी वीस वर्षांनी उरली नसती. म्हणून बंदी नको, पण नोंद मात्र सक्तीची करा, बटणापासून नाण्यापर्यंत, असं माझं मत आहे.

हे मत मी त्यांच्या एका मित्रासमोर बोलून दाखवलं. तो वीस वर्षं डिटेक्टर चालवतो आणि नोंद करत नाही. त्याचं कारण मला हसण्यावारी नेता येईना. तो म्हणाला, "जागा कागदावर आली की फुटते. फुटली की रात्री माणसं येतात. ज्या शेतकऱ्याने मला विश्वासाने फाटक उघडून दिलं त्याच्या पेरलेल्या शेतात खड्डे पडतात, आणि पुढच्या वर्षी तो मला फाटकातून हाकलतो." आता यावर काय बोलणार? योजनेत सर्वसामान्यांना दिसणाऱ्या नोंदीत नेमकी जागा दाखवत नाहीत, ढोबळ दाखवतात, हे मी सांगितलं. त्याचा विश्वास नाही. चांगली गोष्ट अशी की तो स्वतःच्या वहीत सगळं टिपतो, शेत, तारीख, कुंपणापासून पावलं. मी म्हटलं, मग ती वही तुमच्यानंतर कुठे जाणार ते तरी लिहून ठेवा. यावर तो काही बोलला नाही. वही मात्र त्याने मला दाखवली. पानापानावर पेन्सिलीने काढलेले नकाशे आहेत, आणि त्यातही त्याने झाडं काढली आहेत.

नकाशाशिवाय, नोंदीशिवाय, नुसत्या अफवेवर खणणं कसं दिसतं ते मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. 'छावा' चित्रपट आला, बुऱ्हाणपूरच्या खजिन्याची चर्चा झाली, आणि असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च, कुदळी आणि मेटल डिटेक्टर घेऊन उतरले. इथल्या सहकाऱ्यांनी तो व्हिडिओ मला दाखवला, हसत हसत. मला हसू आलं नाही. बुऱ्हाणपूरच्या परिसरात जमिनीखाली मुघलकाळाचं काही ना काही असणारच, त्याला अफवेची गरज नाही. त्या रात्रींत काही निघालं असेल तर ते कुठल्या शेतातून, किती खोलीवरून, हे आता कोणीच सांगणार नाही.

आपल्याकडे दशमांशाच्या वह्या नाहीत. पण एक गोष्ट आहे आणि ती आपण वाया घालवतोय. सातबारा काढून बघा. त्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. किती जणांच्या उताऱ्यावर तो भरलेला आहे? मी नात्यातले पाच उतारे मागवले, पाचही कोरे. जमिनीला आता गट नंबर आहे, आणि नंबराला काही आठवत नसतं. मामांना फोन करून विचारलं तर ते सहज म्हणाले, "अगं, ती देवळाची पट्टी." देऊळ कुठे आहे? नाही. त्यांच्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं. मग पट्टी देवळाची कशी? "म्हणतात बुवा तसं." मामांची मुलं पुण्यात आणि हैदराबादला. ती त्या शेताला 'वरचं' म्हणतात.

तर नातेवाईक मंडळी, एक काम सांगते. या दिवाळीला गावी जाल तेव्हा जो कोणी सर्वांत म्हातारा असेल त्याच्याजवळ बसा आणि शेतांची नावं विचारा. नुसती आपली नाहीत, शेजारच्यांचीही. पांढरीचं, टाक्याचं, म्हसोबाचं, जी असतील ती. जुनी पायवाट कुठून जायची, कुठली विहीर बुजवली, कुठलं झाड पडलं. वहीत लिहा, कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं तेही लिहा. मला नावं पाठवा. गट नंबर मात्र पाठवू नका, आणि इथे तर मुळीच लिहू नका.